समाजी हसाजीची मशीद

दापोड्याहून जुन्या रस्त्याने ठाण्याला जायचे तर कशेळीचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या अलीकडे आमची गोदामे. एके काळी जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पत्र्याची लांबच लांब छपरे आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. पलीकडे ठाणे. तिथे टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर, १८७९ साली बांधलेले एक सिनेगॉग आहे. त्याचे नाव 'शाअर हशामाइम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. रोज हजारो माणसे त्याच्यावरून जातात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की या द्वारातून आत जाणारी माणसे घरी मराठी बोलत, वालाचे बिरडे खात, आणि त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी होती?

ही माणसे म्हणजे बेने इस्राएल. त्यांचा कोकणातला पहिला पूर्वज कोण, तो कधी आला, आणि परमुलखात त्याने पाय कसा रोवला, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर विसाव्या शतकातही काही हजार माणसांची लग्ने अडून राहिली होती.

दोन किनारे

तुलनेसाठी आधी दूरच्या किनाऱ्यावर जाऊ. १६५४ साली ब्राझीलमधल्या रेसिफेहून निघालेले तेवीस यहुदी न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, पोचले. तिथला डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हता. त्याच सुमारास तिथे आलेला ॲसर लेवी नावाचा एक यहुदी या वादात पुढे आला. यहुद्यांना नगररक्षणाच्या पहाऱ्यावर घेतले जात नसे आणि त्याबदली त्यांच्याकडून कर वसूल केला जाई. लेवीने अर्ज केला की, कर नको, मला पहारा द्या. नकार मिळाला तरी त्याने पाठपुरावा सोडला नाही. १६५७ साली त्याने नागरिकत्वाचा हक्कही मिळवला. १६६० साली खाटकाचा परवाना घेताना डुक्कर मारण्यातून सूट मिळावी, एवढे त्याने पदरात पाडून घेतले. हा सगळा व्यवहार कागदोपत्री आहे. अमेरिकेतल्या पहिल्या यहुदी वसाहतकाऱ्यांचा इतिहास अर्ज, नकार, पुन्हा अर्ज अशा दप्तरांतून उलगडतो.

आपल्या किनाऱ्यावर असे दप्तर नाही. इथे कुणी गव्हर्नरकडे अर्ज केला नाही आणि कुणी नकारही दिला नाही. आपल्याकडे आहे ती एक कथा, एक टोपणनाव आणि आडनावांची एक लांबलचक यादी. इतिहासाच्या अभ्यासकाला यातूनच वाट काढावी लागते.

नवगावची कथा

कथा अशी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तिथेच पुरली. वाचलेल्यांचे सामान आणि ग्रंथ समुद्रात गेले. त्या चौदा जणांपासून पुढचा सगळा समाज वाढला. नवगावला आजही ती दफनभूमी दाखवतात.

ही कथा नीटपणे लिहून काढली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. बेने इस्राएलांचा त्यांनी इंग्रजीत लिहिलेला इतिहास १८९७ साली पुरा झाला, पण तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवला. केहिमकरांनी आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा धरला. त्यांचा एक मुद्दा चतुर होता. जेरुसलेमच्या मंदिराची पुनःशुद्धी इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास झाली आणि तिच्या स्मरणार्थ हनुक्का हा सण सुरू झाला. बेने इस्राएलांना हा सण ठाऊक नव्हता, अर्थात ते त्याआधीच तिकडून निघाले असले पाहिजेत.

युक्तिवाद आकर्षक असला तरी तो पुरेसा नाही. ज्या समाजाचे ग्रंथच गेले, त्याला एखादा सण आठवत नाही याचे कारण तो सण कधी पाळलाच नव्हता असे असू शकते, तसेच तो विसरला गेला असेही असू शकते. शिवाय चौदा हा आकडाही जपून घ्यावा लागतो. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते जिवंत करून त्यांचे चित्पावन केले, ही 'सह्याद्रिखंडा'तली कथा कोकणात सर्वांना ठाऊक आहे. एकाच किनाऱ्यावर दोन समाज आपल्या मुळाची इतकी सारखी गोष्ट सांगतात, तेव्हा ती एकाने दुसऱ्याकडून घेतली की दोघांनी समुद्राकडून, हे ठरवणे अवघड आहे. कोकणी माणसाला 'आम्ही बाहेरून आलो' हे सांगायला फुटलेल्या गलबताहून जवळची प्रतिमा सापडली नसावी.

लेखी पुरावे फार उशिरा सुरू होतात. इसवी सन १२०० च्या सुमारास थोर यहुदी पंडित मैमोनिदीस याने एका पत्रात लिहिले की, हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता याखेरीज धर्मशास्त्र ठाऊक नाही. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या डॅनिश मिशनऱ्याने सुरत-राजापूर भागातल्या 'बेने इस्राएल' म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख केला. १७६८ साली कोचीनचे व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात महाराष्ट्रातले हे लोक तेलाचे घाणे चालवतात, 'शेमा' ही एकच प्रार्थना जाणतात आणि शनिवारी विसावा घेतात, असे कळवले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने यात एक नवी बाजू जोडली. बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि हिंदुस्थानी लोकांचा, असे दोन्ही वारसे ठळक आहेत आणि हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा आहे, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षे. ही संकराची वेळ आहे, आगमनाची नव्हे. एवढे मात्र खरे, की बाहेरून कुणीतरी आले होते, ही गोष्ट रचलेली नाही.

घाणा आणि शनिवार

पाहुणा आला, राहिला, हे झाले. पण खेड्यात राहायचे तर काम हवे. कोकणातल्या खेड्यात जमीन, पूजा, कारागिरी सगळे आधीच वाटून गेलेले. या माणसांनी तेलाचा घाणा धरला. बैल जुंपावा, तीळ किंवा खोबरे उखळात घालावे, लाट फिरवावी, तेल निघाले की गावात विकावे, पेंड गुरांना घालावी. देवापुढचा दिवा असो की रात्रीचा स्वयंपाक, तेल्याशिवाय गावाचे भागत नसे.

तेली समाजात सोमवारी घाणा बंद ठेवण्याची चाल होती. शंकराचा वार म्हणून बैलाला विसावा. हे नवे तेली मात्र शनिवारी घाणा थांबवत. गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. जुने ते 'सोमवार तेली'.

या नावात मला या सगळ्या इतिहासाची किल्ली दिसते. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, सिनेगॉग नव्हते, रब्बी नव्हता. शब्बाथ का पाळायचा हे सांगणारे कुणी उरले नव्हते. पण गावाने तो वार जातीच्या नावातच घालून ठेवला होता. शनवार तेल्याने शनिवारी घाणा चालवला असता तर तो देवापुढे चुकला असता ते वेगळेच, आधी तो शेजाऱ्यांपुढे आपली ओळख घालवून बसला असता. ॲसर लेवीला आपले वेगळेपण राखण्यासाठी सरकारशी झगडावे लागले. आपल्याकडे वेगळेपण ही गावगाड्याची रीतच होती. प्रत्येकाचा वार वेगळा, पंगत वेगळी, देव वेगळा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख गोडगोड होईल. ज्या चौकटीने त्यांना सांभाळले तीच त्यांच्यात शिरली. तेल्याचे स्थान गावात खालचेच होते. आणि खुद्द बेने इस्राएलांतही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पडले. दोन्हीकडून यहुदी वंशाचे ते गोरे, बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी. त्यांच्यात बेटीव्यवहार नसे. आपण परक्या मुलखात आलेले, हे विसरून त्यांनी आपल्यातच कुणाला तरी परके ठरवले. जातिव्यवस्थेचा आश्रय फुकट मिळत नाही.

सणांनाही मराठी नावे लाभली. वर्षारंभाचा नव्याचा सण, खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा दारफाळणीचा सण, होळीच्या सुमारास येणारा म्हणून होळीचा सण आणि शोकाच्या उपासाशी जोडलेला बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजे दार लावून घरात बसणे. त्या दिवशी कुणाशी संपर्क नाही, व्यवहार नाही. शास्त्र विसरले तरी दार लावायचे हे विसरले नाहीत. मुले मुसाजी, अबाजी, समाजी, हसाजी अशी. मोझेस, अब्राहम, सॅम्युएल आणि यहेज्केल ही नावे कोकणी जिभेवर घोळून अशी झाली होती. आणि आडनावाला 'कर'. अशी शंभराहून अधिक गावांची आडनावे आहेत. कोकणच्या नकाशावर ही आडनावे मांडली की शनवार तेल्याचा घाणा कुठे कुठे होता ते समजते. आपल्याजवळचा सर्वांत विश्वासू दस्तऐवज कदाचित हाच.

माशांची परीक्षा

मग कधीतरी दावीद राहाबी आला. तो कोण, कधीचा, यावर मतभेद आहेत. समाजाची परंपरा त्याला अनेक शतके मागे नेते, काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. त्याची गोष्ट मात्र ठरलेली. या तेल्यांच्या चाली पाहून त्याला शंका आली. त्याने त्यांच्या बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले. बिनखवल्याचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. मोझेसचा नियम नेमका हाच आहे. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घरांतल्या माणसांना शिकवून तयार केले. ते 'काजी' झाले. लग्ने लावणे, तंटे सोडवणे हे त्यांचे काम.

गोष्ट खरी की खोटी यापेक्षा तिच्यात काय सांगितले आहे ते पाहावे. धर्म वाचला तो पुरुषांच्या पाठांतराने वाचला नाही, बायकांच्या विळीपाशी वाचला, हे समाजाने स्वतःविषयी स्वतःच सांगून ठेवले आहे. कोकणात मासळी हे रोजचे अन्न, त्यामुळे ही परीक्षा रोज द्यावी लागत होती.

समाजी हसाजी दिवेकर

आतापर्यंतचा पूर्वज बिनचेहऱ्याचा होता. अठराव्या शतकात पहिल्यांदा एक माणूस नावानिशी समोर येतो.

मुंबई तेव्हा नवा मुलूख होता. इंग्रजांचा किल्ला, गोदी, पलटणी. कुणाच्याही पूर्वजांचे नसलेले गाव. कोकणातल्या तेल्याला इथे जात विचारून घाणा देणारे कुणी नव्हते. परंपरा सांगते की, १७४६ साली दिवेकर घराणे मुंबईत आले, ते इथले पहिले बेने इस्राएल. पुढे अनेक घरांतली मुले कंपनीच्या पलटणीत शिरली आणि सुभेदार होऊन निवृत्त झाली.

सॅम्युएल यहेज्केल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, हा अशाच पलटणीतला देशी अंमलदार. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. आख्यायिका अशी की, कैद्यांच्या मृत्यूची वेळ आली तेव्हा त्यांना जात विचारली गेली. समाजीने सांगितले, आम्ही बेने इस्राएल. टिपूच्या आईने ते ऐकले आणि म्हणाली, कुराणात बनी इस्राईलांचे नाव वाचले आहे, पण त्यांतला माणूस कधी पाहिला नाही, यांना मारू नका. जीव वाचला. सुटून परत आलो तर देवाचे घर बांधीन, असा समाजीने नवस केला होता.

आईचा प्रसंग कागदांतून सिद्ध होण्यासारखा नाही. पण त्यातला तर्क खोटा नाही. 'यहुदी' म्हटले असते तर दरबारात कदाचित वेगळा अर्थ निघाला असता. 'बनी इस्राईल' हे नाव मुसलमान कानांना पवित्र ग्रंथातून ओळखीचे होते. ज्या नावाने हा समाज स्वतःला शतकानुशतके म्हणवत आला, ते नाव परक्या सत्तेखाली ढालीसारखे उपयोगी पडत असे, एवढे या कथेतून खात्रीने कळते.

यापुढचे मात्र ठाम आहे. १७९६ साली समाजीने मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. नाव 'शाअर हारहामीम', दयेचे द्वार. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. रस्त्याला त्याचेच नाव पडले, सॅम्युएल स्ट्रीट. तोराचे ग्रंथपट मिळवण्यासाठी तो कोचीनला गेला आणि १७९७ साली तिथेच वारला. बुडालेल्या ग्रंथाची जागा भरून काढायला निघालेला माणूस ग्रंथाच्या वाटेवर गेला.

प्रार्थनेच्या या घराला बेने इस्राएल 'मशीद' म्हणत. सिनेगॉगला मराठीत शब्द नव्हता. देऊळ म्हणवेना, कारण मूर्ती नाही. चर्च तर नाहीच. मग एकेश्वराच्या घरासाठी आसपास जो शब्द होता तो घेतला. पुढे समाजाची दुसरी सिनेगॉग झाली तेव्हा समाजीची ती 'जुनी मशीद' ठरली. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव याच इमारतीवरून पडले असे मानले जाते. १८६० साली सिनेगॉग जवळच्या नव्या जागी हलले. लोकलमधून 'मस्जिद' अशी पाटी वाचणाऱ्या माणसाच्या मनात जी इमारत येते, तिच्यामागे एका मराठी यहुदी सुभेदाराचा नवस असावा, हे मुंबईच्या स्वभावाला धरूनच आहे.

पोथी, कीर्तन, पलटण

समाजीनंतरच्या शतकात या समाजाने गमावलेले परत मिळवले, आणि तेही मराठीतून. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू व्याकरण मराठीत आणले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्मांतराकडे बहुतेकांनी पाठ फिरवली. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. पुण्याच्या हगादातल्या चित्रांत बायका लुगडी नेसून सणाची तयारी करताना दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. केहिमकरांनी १८७५ साली शाळा काढली. १८८० च्या सुमारास तर या समाजात कीर्तने सुरू झाली. टाळ, झांज, साक्या, दिंड्या, आणि आख्यान अब्राहमाचे किंवा योसेफाचे. हरिदासाचा साचा जसाच्या तसा घेतला होता.

पलटणीची वाट मात्र बंद झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्याची रचना जातवार तुकड्यांची झाली. बेने इस्राएल इतके थोडे की त्यांची वेगळी तुकडी उभी राहीना. मग ते रेल्वे, टपाल, कचेऱ्या, दवाखाने इकडे वळले. ठाण्याचे सिनेगॉग याच काळातले. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीजवळच्या डॉ. ई. मोझेस रोडवर त्यांचे नाव आहे.

'तुम्ही मूळचे कुठले?'

१९४८ साली इस्राएल राष्ट्र जन्मले तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दोन दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. अनेकांना घरे मिळाली ती सरहद्दीवरच्या नव्या गावांत, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात, बीरशेबात. ज्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी कोकणात परका म्हणून पाऊल टाकले, ते आता पूर्वजांच्या भूमीत नवे वसाहतकार झाले. आणि तिथे त्यांना पहिल्यांदा तो प्रश्न ऐकू आला, जो कोकणातल्या गावाने कधी विचारला नव्हता. तुम्ही खरेच यहुदी आहात का?

१९६२ साली तिथल्या मुख्य रब्बिनेटने असे नियम केले की, बेने इस्राएल व्यक्तीचे इतर यहुद्याशी लग्न लावण्याआधी तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. शंका अशी की, शास्त्र ठाऊक नसलेल्या या लोकांनी शतकानुशतके घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे केले असतील का, आणि बाहेरचे रक्त किती मिसळले असेल. नवगावला बुडालेले ग्रंथ आता पुरावा म्हणून मागितले जात होते. समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला आणि रब्बिनेटला नियमांतून त्यांचे नाव काढावे लागले.

पुरावा कुठला द्यायचा? घाण्याचा, बिनखवल्याच्या माशाचा, लावून घेतलेल्या दाराचा. या गोष्टींना शिक्का नसतो. आपण आपल्या गोऱ्या-काळ्याच्या भेदात एकमेकांना जे विचारले, तेच आता दुसरे कुणी आपल्याला विचारते आहे, हेही कुणाच्या ध्यानात आले असेल.

भारतात आज चार-पाच हजारच बेने इस्राएल उरले आहेत, बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. नवस बोलायचा तर आजही पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबीचे नाव घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या खुणा दाखवतात. संदेष्टा इस्राएलमधून स्वर्गात गेला खरा, पण जाताना वाटेत कोकणात उतरला, अशी श्रद्धा. मलिदा तिकडे दिमोनातही होतो. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.

कशेळीच्या पुलावर परतताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. आमची भिवंडी बाहेरून आलेल्यांनीच घडवलेली. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर इथे माग घेऊन बसले, आणि आता दापोड्याच्या गोदामांत ओझी उचलणारी पोरे कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून येतात. संध्याकाळी टपरीवर त्यांना कुणीतरी विचारतेच, गाव कोणते? ती सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते गाव माहीत नसते. शनवार तेल्याच्या पहिल्या पूर्वजालाही नवगावात कुणीतरी हेच विचारले असेल. त्याने काय उत्तर दिले ते कुणी लिहून ठेवले नाही. त्याच्या नातवाने मात्र त्याच प्रश्नाला उत्तर दिले असेल, आणि ते आपल्याला ठाऊक आहे. तो म्हणाला असेल, नवगावकर.